गाडीला शनिवारचं तेल

गाडीचा आवाज पहिल्यांदा कुणी ऐकला यावरून आमच्या घरात अजून तंटा आहे. मालक म्हणतात त्यांनी ऐकला, मी म्हणते मी. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात, घरात चालत कुणाचं का असेना. खरं बोलायचं तर आवाज ऐकला मावशीनं. मावशी म्हणजे आमच्या झरी गावच्या, कापूस वेचायला जाणाऱ्या चौदा बायांची म्होरकी, वयानंही थोरली आणि तोंडानंही. बाकीच्या तेरा जणी माझ्या पिकअपच्या मागं हौद्यात बसतात, मावशी पुढं माझ्याशेजारी. गुडघ्यामुळं मागं चढता येत नाही असं ती सांगते. माझं मत विचाराल तर खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायला मिळतं म्हणून ती पुढं बसते.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. बोरीच्या वाटेवर एका शिवारात वेचणी होती. गावाबाहेरच्या ब्रेकरजवळ मी ब्रेक दाबला आणि पायाखालून ‘खट्’ असं काहीतरी वाजलं.

“काय मोडलं गं?” मावशी म्हणाली.

“काई मोडलं न्हाई. तुमचा डबा पडला असंल.”

“माझा डबा माझ्या मांडीवर हाय.”

पुढच्या ब्रेकरला पुन्हा खट्. मावशीनं चपला काढल्या, दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि तिथून पुढं शेत येईपर्यंत ती तशीच मांडी घालून बसली. चालवणारीचा ह्याहून मोठा अपमान कुठला? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आता माझं सांगते. पिकअप आमची जुनी आहे. आधी आठ वर्षं मालकांनी चालवली, आता चार वर्षं झाली मी चालवते. साखरेनं मालकांचे डोळे गेले. आधी रात्रीचं दिसेना, मग पाटी वाचता येईना, मग समोर उभा माणूस म्हणजे नुसती सावली. शेवटचं त्यांनी गाडी अंगणातून बाहेर काढली ती सरळ शेजाऱ्याच्या वैरणीत घातली. उतरून किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “धर. शिकून घे.” दुसरी कुणी असती तर रडली असती. मी भांडले. म्हणलं, शिकवणार कोण? तर म्हणाले, मी. आणि खरंच त्यांनी शेजारी बसून, एकही गोष्ट न बघता मला गाडी शिकवली. इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, गिअर टाक, क्लच सोड, अगं घाई कामून करायलीस. सहा महिन्यांत मी लायसन काढलं. त्या वर्षी गावात लोक मला बघायला दारात येऊन उभे राहायचे. आता कुणी मान वळवत नाही. ते मला जास्त आवडतं.

पान्याची कामंही मी शिकले. चाक काढणं, ग्रीस भरणं, ब्रेकचे लायनर बदलणं, हे मी आमच्या अंगणात लिंबाखाली करते, गॅरेजला नेत नाही. सुरुवातीला मालक करायचे, मी फक्त पाना हातात द्यायची. पण एकदा चाकाचा नट त्यांनी वाकडा चढवला, आटेच गेले, आणि भर रस्त्यात चाक डुगडुगायला लागलं. त्या दिवसापासून त्यांनी पान्याला हात लावला नाही. मी काही म्हणाले नव्हते. ते स्वतःच बाजूला झाले, आणि ते मला फार लागलं.

एक काम मात्र त्यांच्याकडं राहिलं, शनिवारचं; त्या दिवशी वेचणीला सुट्टी असते, गाडी घरीच. सकाळी आंघोळ करून भिंतीला धरून धरून ते मारुतीला जातात, तेल वाहतात, आणि परत आले की गाडीला तेल. अर्धं डिझेल, अर्धं इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, बुचाला बारीक भोकं पाडलेल्या बाटलीत भरायचं. पोतं अंथरून गाडीखाली शिरायचं आणि गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पुढचे पाटे, मागचे पाटे, बोल्ट, कोपरे, जिथं जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं फवारा मारायचा. परभणीत ते ज्या उस्तादाकडं शिकले त्यानं हे घालून दिलं होतं. गंज चढत नाही, पाटे कुईंकुईं करत नाहीत. आमच्या रस्त्यावरचा कोणताही ड्रायव्हर विचारा, तो हेच करतो. ह्या कामाला डोळे लागत नाहीत. दोन तास मालक गाडीखाली असायचे, जुनी गाणी गुणगुणत, आणि बाहेर यायचे तेव्हा अंगभर काळे आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी पाणी तापवून तयारच ठेवायची. आठवड्यातून एक दिवस तो माणूस दमलेला दिसायचा. रिकामं बसलेल्या माणसाला दमायला मिळणं केवढी मोठी गोष्ट असते, हे मला त्यांच्याकडं बघून कळलं. ते काम कुणी काढून घेतलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

तर आवाज. तीन-चार दिवसांत तो वाढला. खड्ड्यात नाही, वळणावर नाही, ब्रेक दाबला की खट्, आणि थांबलेली गाडी पुन्हा निघाली की खट्. मी फोनवर तीन व्हिडिओ बघितले. तिन्हीतले मेकॅनिक म्हणाले, शॉकअप गेले असतील. शॉकअप म्हणजे धक्का शोषणारा तो नळकांड्यासारखा भाग. मालक म्हणाले, “शॉकअप ब्रेकला वाजत न्हाई. खड्ड्याला वाजतं.”

“व्हिडिओत दाखवायलेत की.”

“व्हिडिओवाल्याला आपल्या गाडीचं काय ठाऊक?”

मी ऐकलं नाही. माझ्यात हा दोष आहे, ठरवलं की ठरवलं. गुरुवारी दुपारी मी पुढचे दोन्ही शॉकअप काढून नवे बसवले. काम सुबक झालं होतं, माझं मलाच कौतुक वाटलं. शुक्रवारी सकाळी सगळ्या बाया भरून निघाले, ब्रेकर आला, ब्रेक दाबला. खट्. मागून तेरा बायांचं हसू ऐकू आलं. मावशी हसली नाही. ती म्हणाली, “हे बघ पोरी, मागं तेरा घरच्या बाया हायेत. सोमवारपासून दुसरी गाडी बघू का?”

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. “बघा की! बघा. पण मंग परत माझ्या गाडीला हात दाखवू नका.”

असं बोलले खरी, पण मावशीचं चुकत नव्हतं. कारण त्या दिवशी ब्रेक दाबल्यावर गाडी जराशी डावीकडं ओढत होती, आणि ते मावशीला कळलं नव्हतं, मला कळलं होतं. आवाज करणारी गाडी चालवता येते. मी धरलेल्या वाटेनं न जाणारी गाडी, मागं माणसं बसलेली असताना, मला चालवायची नव्हती.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं. चिडून सांगितलं, जसं काही त्यांनीच केलंय. ते म्हणाले, “परवा सकाळी बायांना बोलीव.”

रविवारी शेतमालकाच्या घरी जागरण-गोंधळ होता, वेचणी बंद होती. बाया आल्या, तमाशा बघायला म्हणूनच आल्या. मालक पोतं टाकून गाडीखाली शिरले. आधी बायांनी पुढचा बंपर धरून गाडी वरखाली दाबली. काही नाही. मग खालून मालक ओरडले, “आता ब्रेक दाबून धर, आन् बायांना ढकलू दे. म्होरं, मंग मागं.”

“ब्रेक लावून ढकलायचं?” मावशी म्हणाली. “ढकला गं, आपला संसार आपुन असाच रेटला की!”

सगळ्या हसत सुटल्या. मी सीटवर बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबलेला. चाकं जागची हलत नव्हती, पण वरची गाडी बोटभर पुढं-मागं होत होती, आणि प्रत्येक वेळी खट्. खट्. मालकांनी एक बोट पाट्यावर ठेवलं होतं आणि दुसरं पाटा जिथं चासीला अडकतो त्या ब्रॅकेटवर. उजवीकडं बघितलं, मग सरकत डावीकडं गेले. तिथं फार वेळ लागला नाही.

“थांबा,” ते म्हणाले. “गावला. डावा पाटा, पुढचा डोळा. बुश खाल्लंय.”

जिथं पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं त्याला आमच्याकडं पाट्याचा डोळा म्हणतात. त्यात जाड रबराचं कडं असतं, तेच बुश. त्यातून बोल्ट जातो आणि सगळा पुढचा ॲक्सल त्या आधारावर जागेवर राहतो. रबर गेलं की ब्रेक दाबल्यावर ॲक्सल मागं सरकतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं. हे सगळं मालकांनी गाडीखालून बायांना समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात असा रुबाब होता की मावशीनंसुद्धा मधे तोंड घातलं नाही. मी व्हिडिओंचं नाव काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

बाया गेल्यावर मी कामाला लागले. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेतली, चासीखाली बाभळीचे दोन ओंडके सरकवले. नुसत्या जॅकवर मी कधीही गाडीखाली जात नाही, जाणारा भेटला तर त्याला शिव्या देते. चाक धरून वरखाली हलवलं, बेअरिंग घट्ट. आडवं हलवलं, स्टेअरिंगचे सांधे घट्ट. म्हणजे मालक म्हणाले तेच. पाट्यावरचा भार उतरवला, डोळ्यातला बोल्ट हातोडीनं बाहेर काढला, मग पाइपाचा तुकडा लावून बुश ठोकून काढलं. निम्मं आलं आणि निम्मं माझ्या बोटांना चिकटलं. फुगलेलं, मऊ, दाबलं तर डिंकासारखं दबत होतं. उजवीकडचंही काढलं, मागच्या टोकांचीही काढली. सगळी तशीच.

मालकांनी एक हातात घेऊन चुरगाळलं. “मऊ पडलं. जुनं झालं,” म्हणाले. तेलाचा वास आला असेल तरी त्यांना काय वाटणार? आदल्या दिवशीच शनिवार झालेला, त्यांच्या हातांनाही तोच वास होता. मलाही काही सुचलं नाही, हे कबूल करते.

सोमवारी गाडी ओंडक्यांवर, बाया दुसऱ्याच्या टेंपोत, आणि मी एसटीनं परभणीला. ज्या दुकानातून आम्ही नेहमी सामान घेतो तिथले चाचा म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. मी पिशवीतून जुनी बुशं काढून काउंटरवर ठेवली. त्यांनी एक उचललं, बोटानं दाबलं, नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडं बघितलं.

“क्या बाई, गाडी को तेल में तलरे क्या तुम लोगां?”

“म्हणजे?”

“डिझेल मारते नीचे से?”

“मारतो की. दर शनिवारी. सगळेच मारतात.”

“सब मारते. इसलिए तो मेरी दुकान चलती.” मग त्यांनी खालून एक जुनं बुश काढून माझ्या हातात दिलं. ते कडक होतं, चिरा पडलेल्या. “ये देखो. उमर से गया तो तडकता. तुम्हारा फूला है. डिझेल पी-पी के फूला. लोखंड को तेल अच्छा, रबर को जहर.”

नवं सामान त्यांनी कागदात बांधलं आणि बजावलं, साबण का पानी लगाके बिठाव, तेल का बूंद नक्को. मी मान हलवली.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते मला आठवत नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्या मेलेल्या उस्तादावर आला. चाचांवर आला, इतकी वर्षं सामान विकतात, एकदा सांगता आलं नाही? मग माझ्यावरच आला. शनिवारचे दोन तास मालक गाडीखाली असले की मला घरात मोकळं वाटायचं, कुणी हाका मारत नाही, कुणी विचारत नाही की दारात कोण आलंय. म्हणून मी कधी वाकून बघितलंच नव्हतं की तेल कशाकशावर पडतंय. आणि आता काय सांगायचं? तुमच्या हातात जे एक काम उरलंय, त्यानंच गाडी खाल्ली, हे? मी झरीचा फाटा येईपर्यंत ठरवून टाकलं, सांगायचं नाही. मी ठरवलं की ठरवलं.

दुपारी बुशं बसवली. साबणाच्या पाण्यानं ती अशी सरकली की हातोडी दोनदाच उचलावी लागली. बोल्ट घातले पण आवळले नाहीत. गाडी आधी खाली चाकांवर घ्यायची, पाट्यावर तिचं वजन येऊ द्यायचं आणि मग आवळायचे, नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवशी पिळून फाटतं. हे मालकांनीच शिकवलेलं. ते शेजारी उकिडवे बसले होते. “काय म्हणले चाचा? कामून गेलं व्हतं?”

“डुप्लिकेट माल व्हता म्हणले.”

“बग! मला वाटलंच.”

इतकं सोपं गेलं ते खोटं.

मंगळवारी बाया परत माझ्या गाडीत. टेंपोवाला लय हळू चालवतो म्हणे. पहिल्या ब्रेकरला मावशीनं सवयीनं पाय उचलले. मी ब्रेक दाबला. काही नाही. नुसतं हौद्यातल्या डब्यांचं वाजणं. गाडी सरळ धरलेल्या रेषेत थांबली. दुसऱ्या ब्रेकरला मावशीनं पाय खाली सोडले आणि चपला घातल्या, आणि मला इतका आनंद झाला की मी उगाचच हॉर्न वाजवला.

गावात मालकांची चलती झाली. संध्याकाळी पारावर बसून ते एकेकाला सांगायचे, कसा बोटानं आवाज धरला, कसं फोनवाल्यांना जमलं नाही ते आंधळ्याला जमलं. दोन दिवसांत दोघं जण आपापल्या गाड्या दाखवायला घेऊन आले. मी भाजी निवडत ओसरीवरून ऐकायची. मला अभिमान वाटत होता, खरंच वाटत होता, आणि त्याच वेळी काहीतरी मला आतून टोचत होतं. त्यांनी आवाज धरला होता हे तर खरंच होतं ना, असं मी स्वतःला सांगायची.

शनिवार जवळ यायला लागला तशी मी सैरभैर झाले. शुक्रवारी दुपारी मालक झोपले होते तेव्हा मी ती भोकाची बाटली उचलली आणि सगळं तेल गोठ्याच्या खांबांच्या बुडाला ओतलं, वाळवी लागली होती तिथं. बाटली चुलीत घातली. वाटलं, हा शनिवार तर निभला.

सकाळी ते मारुतीहून आले, कपाळाला शेंदूर. मी भाकरी थापत होते.

“बाटली कुठं हाय गं?”

“कुत्र्यानं पाडली. सगळं सांडलं.”

“येवढ्या बारीक भोकांतून सगळं?”

मी भाकरी उलटली. पाऊल वाजत लांब गेलं. मला वाटलं पारावर गेले. मी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. मग अंगणातून पोतं ओढल्याचा आवाज आला, आणि माझ्या लक्षात आलं की गोठ्यात डिझेलचा कॅन आहे आणि तो कुठं असतो ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

मी पिठाच्या हातानं धावले. ते कंबरेपर्यंत गाडीखाली गेले होते, एका हातात डिझेलनं भरलेला तांब्या. देवाला पाणी घालायचा माझा तांब्या! मी त्यांच्या दोन्ही घोट्यांना धरलं आणि ओढलं. तांब्या कलंडला, डिझेल मातीत गेलं, त्यांचं डोकं बंपरला लागलं.

“अगं ये! येडी झालीस का?”

“नका मारू तेल! नका मारू म्हणते ना!”

“कामून?”

“कामून म्हंजे? तुमच्या तेलानंच गेली ती रबरं! डुप्लिकेट न्हवती काई. चाचा म्हणले, डिझेलनं फुगली म्हून. तुमी दर शनवारी मारता त्यानं!”

ओरडूनच सांगितलं मी. असं सांगायचं नव्हतं. पाच दिवस मी मनात हे हळूच सांगून बघितलं होतं, जेवताना, झोपताना, हात धरून. आणि निघालं ते असं, भांडणासारखं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

ते उठून बसले. डोक्याला हात लावून बघितला, रक्त नव्हतं.

“कवा कळलं तुला?”

“सोमवारी.”

“सोमवारी.” त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “रबर माझ्या तेलानं गेलं ते गेलं. उस्तादाचं चुकलं, माझं चुकलं, आजपासून न्हाई मारायचं, झालं. त्याचं मला काई न्हाई. पण हे पाच दिवस मी पारावर बसून लोकायला सांगायलो, डुप्लिकेट माल घेऊ नका म्हून. दोन गाड्या आल्या घरी. त्यायलाबी मी तेल मारा म्हून सांगितलं. आन् तू हितं बसून ऐकायलीस.”

“तुमचं काम जाईल म्हून—”

“काम गेलं तर दुसरं बघीन मी! मला काय दिसतं? तू सांगतीस तेवढंच दिसतं. तेच तू खोटं सांगायलीस, तर मी बघायचं कशानं?”

चार वर्षांत त्यांनी डोळ्यांबद्दल तक्रार केली नव्हती. डॉक्टरकडं नाही, देवाकडं नाही. ही पहिली, आणि ती माझ्याबद्दल होती. मला रडू आलं. मी पिठाच्या हातानं डोळे पुसले, ते आणखी झोंबायला लागले. मी मातीत, त्यांच्या पोत्याच्या कडेला बसले.

“आजून काय काय सांगितलं न्हाईस?” ते म्हणाले.

“काई न्हाई.”

“सांग.”

“डाव्या दाराला पोचा हाय,” मी म्हणाले. “पोळ्यापासून. बोरीत वळवताना खांबाला लागली.”

“आन्?”

“वैरणीच्या खोलीचं पत्र्याचं छत उडालंय एका कोपऱ्याला. तुमी चढताल म्हून सांगितलं न्हाई.”

“आन्?”

“तुमचे केस पांढरे झालेत. समदे.”

त्यांनी डिझेलचा हात डोक्यावरून फिरवला. “समदे? कवा?”

“दोन वर्सं झाली.”

“दोन वर्सं मी बायांम्होरं पांढरा हिंडायलोय?” ते म्हणाले आणि थोडंसं हसले. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता, दोघांनाही येत होता, कुणी उठलं नाही.

“आन् तू?” ते म्हणाले. “तू कशी दिसतीस आता?”

मी म्हणाले, “जाडी झालेय. आन् म्होरचा एक दात पडलाय. वरचा. म्हून फोटो काढताना मी तोंड मिटून घेते.”

“दाताचं मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “बोलताना हवा निसटती तुझी. लय दिवस झाले. मी म्हणलं, सांगंल कवातरी.”